मष्णूच्या जात्यावरचा रेडिओ

आमच्या कंग्राळीत मष्णूला लोक अर्धा खुळा म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? तोंड हाय तर बोलणारच. मी त्येची शेजारीण, दोन घरांत भिंत एकच, म्हणून खरं काय ते मला इचारा. मष्णू खुळा न्हवता, एकटा हुता. एकट्या माणसाला लोक खुळाच समजतात. मी नागुबाई. माझ्या जिभेला हाड न्हाय असं सगळी गल्ली म्हणते, तवा म्हटलं ही गोष्ट मीच सांगावी.

मष्णू बेळगावच्या कॅम्पात लष्कराच्या बिनतारी यंत्रांच्या कारखान्यात खलाशी, म्हंजे हाताखालचा गडी, हुता. साहेब लोकांची यंत्रं उचलायची, पुसायची, तारा सोलून द्यायच्या, तारंला कथलाचा डाग द्यायचं काम आलं की डाग द्यायचा. हळूहळू हाताला वळण लागलं. मग एक दिवस इंजनाच्या पट्ट्यात उजवा हात गेला, कोपराच्या जरा खाली. कामावरनं काढलं. त्येच्या आधीच बायको पटकीनं गेलती आन् भरमा, त्येचं एकुलतं पोरगं, अजून चड्डीत मुतत हुतं. मष्णूनं ते पोरगं एका हातानं वाढवलं. एका हातानं भाकरी थापता येत न्हाय, करून बघा पायजे तर. ती नकाशावानी व्हायची. बापलेक तसलीच खायचे आन् मी कधी दोन गोल भाकऱ्या भिंतीवरनं दिल्या की मष्णूला त्येचा राग यायचा.

भरमा मोठा झाला, पलटणीत गेला. सुट्टीवर आलता तवा जांबोटीची मालू त्येला करून दिली. मालूबाई म्हंजे रानातली पोर, सडपातळ, पावसात वाढलेली, बोलायला कमी पर ऐकायला एक नंबर. नवराबायको धड एकमेकाला बघतायत तंवर सुट्टी सपली. भरमा बोटीत बसून सिंगापूरला गेला आन् काय दिवसांनी सिंगापूर जपान्यांच्या हातात पडलं म्हणून बातमी आली.

पाठोपाठ तार आली. मष्णू कॅम्पात गेलता. तार वाचायला गल्लीत कोण? शाळेतलं एक पोरगं धरून आणलं. त्येनं अडखळत वाचलं, भरमा 'मिशिंग' हाय. गुणाबाई म्हातारी आमच्यात सगळ्यात जाणती. ती म्हणली, मिशिंग म्हंजे मिशनचा दवाखाना, लागलं-बिगलं आसंल, दवाखान्यात घातलंय, जीव वाचला. आमी सगळ्यांनी हात जोडले. मालूनं गूळ वाटला. माझ्याबी हातावर ठिवला, मीबी खाल्ला. संध्याकाळी मष्णू आला, तार बघितली, आन् मालूच्या हातातली गुळाची वाटी काढून घेतली. मिशिंग म्हंजे सापडत न्हाय, असं म्हणला. तो गूळ माझ्या घशातनं अजून खाली उतरला न्हाय, खोटं कशाला सांगू.

मेला म्हणून कळलं असतं तर रडून मोकळं झालो असतो. सापडत न्हाय म्हणल्यावर काय करायचं? मालू कुंकू लावायची, पर आरशात न बघता. मष्णू कुणाच्या कट्ट्यावर बसेनासा झाला. जो तो इचारणार, काय कळलं का, आन् ह्येनं रोज मान हालवायची. त्यापरास घरात बसलेलं बरं.

मग कॅम्पातल्या एका जुन्या सोबत्यानं त्येच्या कानात सांगितलं. त्या मुलखातनं सांजंला रेडिओवर कैद्यांची नावं वाचतात. नाव, बापाचं नाव, गाव. हिंदुस्तानीत वाचतात. पर शत्रूचं ऐकलंस म्हणून कळलं तर सरकार हातात बेडी घालंल. आमच्या गावात तवा रेडिओ न्हवताच, आन् बेळगावात ज्येंच्याकडं हुता ते असलं ऐकायला दार उघडणार न्हवते. मष्णू तिथनं चालत घरी आला आन् मला म्हणला, नागू, मी रेडिओ करणार. मी म्हटलं, अण्णा, भाकरी गोल कर आधी. तो हसला न्हाय.

आन् त्येनं कराय घेतला. कॅम्पातल्या भंगारवाल्यांकडनं तांब्याची बारीक तार, पत्र्याची डबडी, निम्मे फुटके निम्मे चांगले काचेचे दिवे, ज्येंना तो व्हॉल्व म्हणायचा, एक जुनी बॅटरी, आन् कानाला लावायच्या दोन काळ्या वाट्या. हे सगळं मांडायला लाकडाची फळी लागती. मष्णूनं मेलेल्या बायकोचा पोळपाट घेतला. त्येच्यावर पितळी स्क्रू मारायचे, हिकडनं तिकडं तारा जोडायच्या, कानाला वाटी लावून बघायचं. न्हाय बोललं की सोडायचं, परत दुसऱ्या तऱ्हेनं मांडायचं. पाटावर एक जोडणी आठवडाभर टिकली तर लई झालं.

पर एक हात. डाव्या हातानं तार धरली तर डाग देणार कशानं? पाटाच्या पलीकडच्या अंगाला काम आलं की पाट उचलून फिरवायचा, तवर अलीकडची जोडणी तुटायची. गुडघ्यात धरला तर निसटायचा. एकदा व्हॉल्व फुटला तवा मष्णू परड्यात जाऊन बसला, कितीतरी वेळ आत आला न्हाय. हात गेला तवाबी तो असा बसला न्हवता.

त्येनंतर त्येला जातं सुचलं. घरात बायकोचं जातं हुतंच. खालचा दगड जडशीळ, हालायचं नाव न्हाय. वरचा दगड खिळीवर फिरणारा. मष्णूनं पोळपाटाचे तिन्ही पाय वरच्या दगडावर, तोंडाच्या भोवतीनं, लाखंनं बशिवले. झालं. आता पाट घट्ट बसला, स्क्रू पिळला तरी हालंना. आन् पलीकडचं अंग अलीकडं आणायचं तर उजव्या हाताचं जे थोटूक उरलंतं त्येनं खुंटा ढकलायचा. डावा हात कामाला मोकळा. पाटाच्या कडंला लाकडी चौकटीवर तार गुंडाळून ती हुबी केली. ती चौकट जिकडनं आवाज येतो तिकडं तोंड करून धरायची, म्हणजे आवाज मोठा. जातं फिरवलं की चौकटबी फिरायची. मला सगळं दाखवताना त्येचं तोंड असं झालतं, भरमा झाला तवाच तसं बघितलंतं मी.

पर बायकांची जात, आमाला कळायचं ते कळलं. मष्णूच्या घरातनं दिवसभर जात्याची घरघर आन् पीठ चिमूटभर न्हाय. रिकामं जातं फिरवू नये, हे कुणी शिकवावं लागतं का? रिकामं जातं घरातलं माणूस मागतं. गुणाबाईनं दारात हुबं राहून मालूला सुनावलं, तुझा सासरा तुझा नवराच भरडतोय. मालू ऐकायला एक नंबर, सांगितलं ना. ती आत गेली, जात्यावर दोन्ही हात ठिवून बसली, उठंना. मष्णूनं समजावलं, ह्ये काय दळायचं न्हाय, नुसतं फिरायचं हाय. ती म्हणली, "मामा, फिरवायचंच आसंल तर घास घालून फिरवा. आन् सुलटंच. उलटं एक फेराबी न्हाय."

मष्णूनं मान्य केलं. आता बघा, उलटं फिरवायचं न्हाय म्हणजे काय? पाटावरनं बॅटरीला एक तार, कौलावर आवाज धरायला टांगलेल्या तारेला एक तार. जातं एकाच अंगानं फिरत राहिलं तर तारांना पीळ पडणार. म्हणून रोज काम सपलं की मष्णू तारा सोडायचा, पीळ काढायचा, परत जोडायचा. दुसऱ्या कुणी ह्यो ताप सोसला नसता. पर पोरीचा जीव टांगणीला लागलेला, तिच्या मनाला तेवढाच आधार, म्हणून मष्णू करायचा. मालू रोज सांजंला पोळपाटाच्या पायांमधनं मूठभर जोंधळं जात्याच्या तोंडात सोडायची. खाली भरड पडायची, ती माझ्या कोंबड्या खायच्या.

पावसाळा गेला तवा जातं बोलायला लागलं. आधी नुसतं खरखर, मग गाणं, मग कुठल्यातरी देशाची भाषा. मष्णूनं एक वाटी मालूच्या कानाला लावली. ती दचकली, मग हसली. तार आल्यापासनं पहिल्यांदा हसली ती. मलाबी ऐकवलं. मला ते चुलीत ओलं लाकूड घातल्यावर होतंय तसं वाटलं, पर मी म्हटलं, झकास हाय.

मग नावं लागली. दिवस बुडायच्या वक्ताला मष्णू कानाला वाट्या लावून बसायचा, मालू समोर बसायची त्येच्या तोंडाकडं बघत. त्येनं मान हालवली की उठून चुलीकडं जायची. पंजाबातली नावं, मद्रासकडची नावं. कितीतरी लोकांची पोरं जित्ती हुती. आमचं न्हवतं.

एकदा त्येनं ऐकलं, जिनदत्त, बापाचं नाव खरखरीत गेलं, आन् पुढं गाव, बोर... तेवढ्यात परत खरखर झाली. मष्णू मला म्हणला, निपाणीजवळचं बोरगाव आसंल, जैनांची वस्ती हाय, जाऊन सांगाय पायजे. माझी भण निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला हुती, मला तेवढंच निमित्त. कोळशाच्या ग्यासवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतनं खोकत खोकत निपाणी गाठली, तिथनं बोरगावाला चालत. वाटंत मी म्हटलं, अण्णा, बोरगावं काय एकच हाय का? सातारकडंबी हाय. आन् ते बोरगावच कशावरनं, बोरीबी आसंल. तो भराभरा पुढं.

गावात दुकानावर इचारलं, सिंगापूरला गेलेला कुणी जिनदत्त हाय का. हाय म्हणले, रायाप्पाचा पोरगा. रायाप्पा कधीच वारला, आई राजमती एकटी असते. तिच्या दारात गेलो. ती आधी कानडीत बोलली, मग मराठीत. मष्णूनं टोपी काढली आन् तिला सांगितलं, नाव ऐकलं, बापाचं नाव ऐकलं, गाव ऐकलं. जिनदत्त रायाप्पा, बोरगाव. माझ्या तोंडाचा आ झाला. राजमती तिथंच उंबऱ्यावर बसली, पदर तोंडाला लावून. मग उठून तिनं, दिवस मावळायच्या आत जेवायचं त्येंच्यात, म्हणून घाईनं आमाला जेवाय वाढलं.

परत येताना मी लई बोलले. म्हटलं, तुझ्या ह्या पांढऱ्या डोस्क्याला लाज न्हाय व्हय? उद्या त्यो नसला तर? मष्णू म्हणला, बाई दारात हुबी हुती, नागू. एवढंच. पुढं तो पोरगा खरंच परत आला, राजमतीनं गुळाची ढेप पाठिवली. पर ती लई नंतरची गोष्ट.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं सांगत बसले त्यो दिवस. मी मालूला ताक द्यायला म्हणून गेलते, दारातच हुबी राहिले. मष्णूच्या कानाला वाट्या. आवाज बारीक होत चालला असावा, कारण तो चौकटीकडं बघून थोटूक खुंट्याला लावून बसलता. चौकट जागा सोडून चार बोटं पुढं गेलती. चार बोटं मागं घेतली असती की झालं. पर मागं म्हंजे उलटं. समोर मालू बसलेली. मष्णूनं खुंटा पुढंच ढकलला, सबंध फेरा घेऊन परत त्या जागी आणायला. त्या दिवशी पीळ आधीच पडलेला. फेरा पुरा होत आला आन् त्येचं तोंड एकदम बदललं, डोळं मोठं झालं, आन् टचकन तार तुटली.

मालू उठून हुबी राहिली. मष्णूनं एका हातानं तार जोडाय घेतली, दोन टोकं काय जुळंनात. मी ताक खाली ठिवलं, तार धरली, जोडली. जोडली तवा गाणं चाललंतं.

"रेडिओ भरमा म्हणला," मष्णू म्हणला. "पुढचं तुटलं."

भरमा. आमच्या ह्या मुलखात आवाज दिला तर दर गल्लीतनं दोन भरमा बाहेर येतील. त्या दिवसापासनं मष्णू एक सांज चुकला न्हाय. जी नावं एकदा वाचली ती परत वाचत न्हाईत वाटतं. पुढं पुढं तो कार्यक्रमच लागंना झाला. मालू घास घालायची, तो ऐकायचा, दोघं एकमेकाशी बोलायची न्हाईत. माझ्यासारखीला त्या घरात पाय ठिववंना.

वर्स गेलं, आनखी एक गेलं. जांबोटीहून मालूचा भाऊ रवळू आला. गडी वाईट न्हवता. कोसन् कोस रान तुडवत चालत आलता, पायाला जळवा लागलेल्या. पंच बसले, मारुतीच्या देवळात. रवळूनं हात जोडून इचारलं, भण तरणी हाय, मूलबाळ न्हाय, पाटाला, म्हंजे दुसऱ्या लग्नाला, जागा आलीया, माणूस चांगला हाय. मामांनी पंचांपुढं एवढंच सांगावं, भरमाचं नाव ऐकलं का न्हाय. ऐकलं म्हणले तर आमी जन्मभर थांबतो, परत हा इषय काढत न्हाय.

मालू खांबाआड बसलेली. तिनं पदर मागं सारून सासऱ्याकडं बघितलं. त्या बघण्यात काय हुतं ते मला कळलं. तिला थांबायचं हुतं. कुणीतरी थांब म्हणावं एवढंच तिला पायजे हुतं.

मी मागनं मष्णूच्या पाठीत बोट खुपसलं. म्हण की. बोरगावात म्हणलास तसं म्हण.

मष्णू उठून हुबा राहिला. मग म्हणला, "भरमा एवढंच ऐकलं. अर्धं. अर्ध्या नावावर पोरीला बसवून ठिवणार न्हाय मी."

मालू तवाच उठली. घरी येऊन बोचकं बांधलं, मामाच्या पाया पडली, रवळूच्या मागनं निघाली. वळून बघितलं न्हाय. मी मष्णूशी पुरा एक पावसाळा बोलले न्हाय. भिंतीवरनं भाकऱ्या तेवढ्या द्यायची, आन् आता तो त्या गुमान घ्यायचा, राग येत न्हवता त्येला.

आन् भरमा आला. लढाई सपल्यावर, दुसऱ्या साली, उन्हाळ्यात. हाडाचा सापळा, केस गेलेले, पर त्योच. मी किंकाळी फोडली, गल्ली गोळा झाली. मष्णू दारात येऊन हुबा राहिला, त्येनं पोराच्या तोंडावरनं हात फिरवला, कानावरनं, मानेवरनं, जित्राब बाजारात बघतात तसा. पोरानं घरात डोकावून इचारलं, मालू कुठं हाय. गल्ली एका दमात रिकामी झाली. मीच तेवढी राहिले. मीच सांगितलं.

तो ओरडला न्हाय. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्येनं सांगितलं की एकदा जपान्यांनी कैद्यांकडनं नावं लिहून नेलती, रेडिओवर सांगतो म्हणून. कोण ऐकणार हाय म्हणून तो हसलता तवा. मष्णूनं जात्याकडं बोट केलं आन् म्हणला, मी ऐकलंतं.

भरमा थोडे दिवस राहिला. जांबोटीकडं गेला न्हाय, तिला आता एक पोर हुतं कडेवर. हुबळीच्या रेल्वे कारखान्यात वळखीनं काम मिळालं, तिकडं निघाला. मष्णू आन् मी ठेसनापातूर गेलो. गाडी हालायच्या आधी भरमा खिडकीतनं म्हणला, "आप्पा, एकडाव खोटं बोलायचं हुतं. माझ्यासाठनं."

गाडी गेली. कंग्राळीच्या वाटंला लागल्यावर मला राहवलं न्हाय. म्हटलं, अण्णा, बोरगावच्या परक्या बाईला न ऐकलेलं सगळं सांगितलंस. आन् घरच्या पोरीला एक शबूद जास्त देववला न्हाय तुला? एवढा कसला सत्यवान लागून गेलास?

मष्णू चालत राहिला. मग म्हणला, "तिथं मला काय मिळणार हुतं, नागू? हितं मला मालू घरात पायजे हुती. ती गेली की मी एकटा पडणार, हे मला दिसत हुतं. म्हणून रेडिओ खरंच भरमा म्हणला, का मला पायजे म्हणून मी तसं ऐकलं, ह्येचाच मला भरोसा वाटंना."

आमच्या गल्लीत मला गप बसवणारा अजून कुणी जन्मला न्हवता. त्या दिवशी मी गप बसले, आन् दोघं तसेच घरापातूर चालत आलो.